बावीस अंशांचा घाम

गाडीच्या पडद्यावर बावीस अंश दिसत होते आणि मागच्या सीटवर नानांना घाम येत होता. या दोन नोंदींपैकी एक चुकीची असणार, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता की कोणती चुकीची ठरवणे सोयीचे. आणि पडदा नवा होता, नाना एकोणऐंशी वर्षांचे होते.

गाडी विजेवर चालणारी, घरात येऊन दोन महिने झालेली. ती हौसेसाठी घेतलेली नव्हती, असे निदान शेजाऱ्यांना सांगण्यात आले होते. नानांची फुप्फुसे थकली होती. आठवड्यातून तीनदा, दुपारी तीन वाजता, अकरा किलोमीटरवरच्या श्वसनकेंद्रात त्यांना व्यायामाला न्यायचे होते. "उन्हातून, धुरातून आणू नका, गार गाडीतून आणा. दमून आलेल्या माणसाला मी आणखी दमवू शकत नाही," असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. केंद्राचा नियम साधा होता. आल्याबरोबर बोटाला चिमटा लावायचा. प्राणवायूचा आकडा नव्वद किंवा वर असला तर व्यायाम, खाली असला तर घर. लागोपाठ तीन वेळा घरी पाठवले गेले की जागा पुढच्या माणसाला. यादीत पुढची सेहेचाळीस माणसे होती आणि त्यातल्या कोणालाही श्वास धरून थांबणे जमण्यासारखे नव्हते.

नाना वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. छत्तीस वर्षे त्यांनी दुकानांतली वजने उलटी करून बुडाचे शिसे तपासले, पारड्याखाली चिकटवलेले मेण नखाने खरवडून काढले. समोर दिसणाऱ्या आकड्याबद्दल त्यांच्या मनात आदर उरला नव्हता.

त्यांचे चिरंजीव, म्हणजे गाडीमालक, एका मोठ्या कचेरीत अभिलेखपाल होते. जुन्या फायली जपून ठेवणे हे त्यांचे काम. त्यांच्या ताब्यातली एकही फाईल आजवर खराब झाली नव्हती, कारण एकही कोणाला वाचायला मिळाली नव्हती. हीच दृष्टी त्यांनी गाडीलाही लावली. कारखान्यातून येताना गाडीच्या सीटवर, दारांवर, पडद्यावर आणि पुढच्या सगळ्या फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, जे पारदर्शक प्लास्टिक होते, ते दोन महिन्यांनंतरही जिथल्या तिथे होते. नाना बसले की सीट चर्रर्र वाजे.

"अरे, ते कातडं सोल आता," नाना म्हणत.

"असू दे हो नाना. गाडी नवी राहते."

"गाडी नवी राहते आणि मी शिजतो."

ऊन वाढले तसे पडद्याखालच्या फळीवरचे प्लास्टिक सुटून फुगू लागले. गाडीमालकांना ते बघवेना. एका रविवारी त्यांनी पारदर्शक चिकटपट्टी आणून ते तीन बाजूंनी नीट बंद केले. चौथी बाजू हवेच्या झडपेला लागून होती, तिथे पट्टी टिकेना. ती तेवढी राहिली.

सोमवारी दुपारी गाडी निघाली. पहिली चार मिनिटे झडपेतून गार वारा आला. मग कोणीतरी तोंडासमोर जांभई द्यावी तशी कोमट हवा येऊ लागली. पडद्यावर बावीस. गाडीमालकांनी बटण दाबून वीस केले, अठरा केले, सोळा केले; दर वेळी पडद्याने तो आकडा लगेच गाठला, म्हणून शेवटी पुन्हा बावीस केले. जांभई तशीच. केंद्रात पोचेपर्यंत नानांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी आले.

"आज घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक झालं."

गाडीमालकांनी तिथूनच कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. गाडी बंद करून पुन्हा चालू करायला सांगण्यात आले. केली. मोबाईल बंद करून पुन्हा चालू करायला सांगण्यात आले. त्यात फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा दुसरा आवाज होता.

"सर, पडद्यावर किती दिसतंय?"

"बावीस."

"मग आपण आरामात आहात, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

मंगळवारी गाडी कंपनीच्या सेवा-केंद्रात नेण्यात आली. जुन्या गॅरेजमध्ये असतात तसले तेलाचे डाग, काळे हात, शिव्या यांतले काहीच तिथे नव्हते. सगळीकडे काच होती, आणि गारवा असा की स्वागताला बसलेल्या सल्लागार ताई ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून होत्या. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि एका तंत्रज्ञाला बोलावले. त्याच्याजवळ पान्हे नव्हते, लॅपटॉप होता. त्याने गाडीचे दार उघडले, बाहेरूनच वाकून एक वायर खुपसली आणि तिथेच उभा राहिला.

"आत बसून बघ की बाबा," नाना म्हणाले.

"बसता येत नाही, काका. सीट खराब होऊ नये म्हणून प्लास्टिक अंथरल्याशिवाय बसायचं नाही, असा नियम आहे."

"मग अंथर."

"तुमच्या सीटवर आधीच प्लास्टिक आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक अंथरायचं नाही, असाही नियम आहे. घसरतं. मागे एकजण घसरून पडलाय."

"मग हे काढ."

"ग्राहकाच्या वस्तूला हात लावायचा नाही."

अशा रीतीने, तीनही नियम काटेकोरपणे पाळले गेल्यामुळे, गाडीत किती गरम होते हे गाडीत बसून बघण्याचा मार्ग बंद झाला. लॅपटॉपने मात्र दीड मिनिटात निकाल दिला. आतले तापमान बावीस, यंत्रणेची प्रकृती उत्तम. ताईंनी तक्रारीच्या रकान्यात नोंद केली: ग्राहकाच्या वडिलांना गरम वाटते.

"वाटत नाही," नाना म्हणाले. "होतं."

"काका, यादीत 'गरम होते' असं नाहीये हो. 'गरम वाटते', 'गार वाटते' आणि 'वास येतो' एवढंच आहे."

"मग वास येतो लिहा. तो तर येतोच आहे."

ताईंना हसू आले. ते त्यांनी स्वेटरच्या बाहीत दडवले, कारण वरच्या काचेतून व्यवस्थापक साहेब बघत होते.

बुधवारी नानांनी कपाटातून आपला पितळी नळीतला पाऱ्याचा तापमापक काढला आणि गाडीत मांडीवर धरून बसले. पुढे पडदा बावीस म्हणत होता, मांडीवर पारा चौतीस म्हणत होता. गाडीमालक प्रत्येक सिग्नलला मागे न वळता विचारत, "आता बरं वाटतंय ना? बावीस आहे." नानांनी श्वास दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला होता. चिमट्यावर सत्त्याऐंशी आले.

"दोन झाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी तिसरा आहे. मला आवडणार नाही, पण यादी मोठी आहे."

"रिक्षा करतो ना मी," नाना म्हणाले.

"भर दुपारी, धुरातून?" बाई म्हणाल्या. "मग आणूच नका."

संध्याकाळी सूनबाईंनी चहाचा कप गाडीमालकांसमोर जरा जोरातच ठेवला. "अहो, ते प्लास्टिक तरी काढा सीटवरचं. नानांची पाठ सोलून निघालीय."

"काढलं की संपलं गं. परत नाही बसवता येत."

"मग एक करा. नानांनाच तुमच्या फायलींसारखं कपाटात ठेवा. खराब व्हायचा प्रश्नच नाही."

गुरुवारी प्रकरण वर गेले. सेवा-केंद्रात अशी सोय होती की तक्रार चार दिवसांत मिटली नाही तर व्यवस्थापकांच्या नावापुढे लाल ठिपका येई. ठिपका यायला एक दिवस उरला होता, म्हणून साहेबांनी 'सुखानुभव पडताळणी समिती' नेमली. समितीत अध्यक्ष स्वतः साहेब, सदस्य सल्लागार ताई आणि तांत्रिक सल्लागार लॅपटॉप. नाना तापमापक घेऊन समितीपुढे हजर झाले.

साहेबांनी पितळी नळी दोन बोटांत धरून उलटसुलट केली. "हा प्रमाणित आहे का?"

"आहे. हे प्रमाणपत्र."

साहेबांनी पिवळा कागद वाचला. "यावर सही कोणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे तुम्हीच तपासला आणि तुम्हीच पास केला?"

"तुमच्या गाडीसारखंच," नाना म्हणाले.

साहेबांनी कागद घडी करून परत केला. मग चाचणी घेण्याचे ठरले. गाडी आत, काचेच्या दालनात, आणून दारे उघडी ठेवण्यात आली. पडदा बावीस, पारा बावीस, लॅपटॉप बावीस. साहेबांचा चेहरा उजळला.

"बघा! तुमचाच तापमापक बघा!"

"साहेब, हे तुमच्या दुकानाचं माप झालं," नाना म्हणाले. "गाडी इथे राहत नाही. मीही नाही. उद्या दुपारी सव्वादोनला बसा माझ्याबरोबर."

साहेबांना नाही म्हणायचे होते. पण लाल ठिपका शुक्रवारी पाच वाजता येणार होता आणि 'प्रत्यक्ष प्रवास-चाचणी' या शब्दांना अहवालात वजन होते. प्लास्टिकचा नियम आड येत नव्हता, कारण तो तंत्रज्ञांसाठी होता. साहेब घसरतील अशी कल्पना नियम करणाऱ्यांनी केली नव्हती. तयारी म्हणून गाडीत नवे सॉफ्टवेअर भरण्यात आले. त्यामुळे 'बावीस' हा आकडा तिप्पट मोठा झाला, त्याभोवती हिरवी वेल आली आणि खाली ओळ उमटली: आपण आरामात आहात. दर दहा मिनिटांनी हीच ओळ प्रश्न होऊन बोलू लागे. उत्तरासाठी एकच बटण होते, 'होय'. ते दाबल्याशिवाय रस्त्याचा नकाशा दिसत नसे, त्यामुळे गाडीमालकांनी घरी पोचेपर्यंत ते तीनदा दाबले. तिन्ही उत्तरे समितीकडे पुरावा म्हणून जमा झाली.

शुक्रवारी सव्वादोनला गाडी निघाली. चाकावर गाडीमालक, शेजारी टाय लावलेले साहेब, मागे नाना आणि ताई. ताईंनी स्वेटर आणला होता. तो त्यांनी सव्वादोन वाजून पाच मिनिटांनी काढला. चार मिनिटे गार वारा आला, साहेबांनी मान डोलावली, आणि जांभई सुरू झाली.

दोन पंचवीसला साहेबांनी टाय सैल केला. अडीचला काढला. मोठ्या चौकात वाहने एकमेकांना चिकटून उभी होती आणि वरून ऊन सरळ काचेवर पडत होते. साहेबांच्या मांडीवर अहवालाचा टॅब होता. तापमानाचा रकाना गाडीच भरून पाठवत होती, त्यात बावीस लिहून आले होते. साहेबांनी फक्त बोटाने सही करायची होती. पण बोट घामाने इतके ओले झाले होते की टॅब ते ओळखेना. साहेबांनी बोट पँटला पुसले. पुन्हा ओले झाले. पुन्हा पुसले. तिसऱ्या खेपेला 'आतील तापमान बावीस अंश, समाधानकारक' या विधानाखाली त्यांची सही उमटली.

"साहेब, मला पण गरम होतंय," ताई मागून म्हणाल्या.

"ताई, आकडा बघा."

"बघितला. पण साहेब, तुमचा शर्टसुद्धा..."

"शर्टाचा रकाना नाहीये."

ताईंनी नानांच्या बाजूची खिडकी खाली केली. बाहेरून धूर आणि उकाडा आत आला, नाना खोकले आणि गाडी बोलली: "खिडकी उघडी आहे. हवामान-हमी स्थगित करण्यात येत आहे." साहेब दचकले. गाडीमालक त्याहून दचकले. हमी आठ वर्षांची होती. त्यांनी पुढूनच बटण दाबून खिडकी बंद केली.

"अहो, काकांकडे बघा!" ताई ओरडल्या.

गाडीमालकांनी आरशात बघितले. नानांचे ओठ करडे पडले होते. श्वास वरच्या वर घासत होता. तापमापक मांडीवरून घसरून दोन सीटांमधल्या फटीत पडला होता.  गाडीमालक घाईने पडद्याकडे वळले, तिथून पुन्हा आरशाकडे, आणि गोंधळलेल्या आवाजात म्हणाले, "नाना, पण बावीसच आहे हो!"

"आपण आरामात आहात ना?" गाडीने विचारले. नकाशा नाहीसा झाला. गाडीमालकांचे बोट सवयीने 'होय'वर गेले.

 नाना पुढे झुकले, तोल सांभाळायला साहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि पडद्याखालच्या फळीकडे बघू लागले. चिकटपट्टीने तीन बाजूंनी बंद केलेले प्लास्टिक झडपेच्या बाजूने फुगले होते आणि आतल्या आत थरथरत होते. त्या फुग्याच्या पोटात, फळीवर, टाचणीच्या टोकाएवढी सहा-सात भोके होती. छत्तीस वर्षे पारड्याखाली काय चिकटवले आहे हे शोधणाऱ्या माणसाला आणखी काही सांगायला लागत नाही. त्यांनी अंगठ्याचे नख चिकटपट्टीच्या कोपऱ्याखाली घातले.

"नाना! नका! नवी आहे ती!"

चर्रर्र.

वीतभर प्लास्टिक सोलून नानांच्या हातात आले.  मग पडद्यावर बावीसचे चोवीस झाले. अठ्ठावीस झाले. तेहेतीस. छत्तीसवर आकडा थांबला, हिरवी वेल गळून पडली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच गाडीला घाम फुटला.

प्रकार असा होता की त्या भोकांमागे गाडीची हवा जोखणारा सेन्सर बसवलेला होता. झडपेतला गार वारा प्लास्टिकखाली शिरून त्याच्याभोवतीच कोंडत होता. सेन्सर आपल्या टिचभर दालनात मजेत होता. त्याने आपल्यापुरते बावीस मोजले आणि अख्ख्या गाडीचे गार करणे थांबवले. मागच्या सीटवरून त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हते. सेवा-केंद्राच्या वरच्या मजल्यावरही व्यवस्था साधारण अशीच होती, फक्त तिथे प्लास्टिकऐवजी काच होती.

"आकडा वाढला!" साहेब जवळजवळ उभे राहिले. "तुम्ही यंत्रणा बिघडवलीत! बावीस होतं, तुमचा हात लागला आणि छत्तीस झालं! ताई, वेळ लिहा!"

तेवढ्यात गाडीच्या पोटात काहीतरी घुमले आणि सगळ्या झडपांतून असा वारा सुटला की साहेबांच्या टॅबवरचा घामाचा थेंब सरकत काठापर्यंत गेला. नाना मागे टेकले, डोळे मिटले आणि तोंड उघडून तो वारा आत घेऊ लागले. ताईंनी स्वेटर त्यांच्या डोक्यामागे घडी करून ठेवला. तीन वाजायला सहा मिनिटे असताना गाडी केंद्राच्या दारात लागली. नानांना पाच मिनिटे बसवून चिमटा लावण्यात आला.

आकडा एकोणनव्वदवर आला आणि तिथेच रेंगाळला. गाडीमालक चिमट्याकडे डोळे लावून उभे होते. डॉक्टरीणबाई नानांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"ओठ गुलाबी होतायत. जरा थांबू," त्या म्हणाल्या.

नव्वद. एक्क्याण्णव.

"या आत, निरीक्षक साहेब," बाई म्हणाल्या. नाना गेले; जाताना हातातले प्लास्टिक त्यांनी चिरंजीवांच्या हातात दिले.

समितीचा अहवाल त्याच दिवशी पावणेपाचला दाखल झाला. त्यात नमूद होते की प्रवासाच्या पहिल्या टप्प्यात तापमान बावीस अंश, म्हणजे समाधानकारक, होते. वृद्ध प्रवाशाने पुढच्या फळीत हस्तक्षेप करताच ते छत्तीसवर गेले. मात्र आदल्याच दिवशी भरलेल्या नव्या सॉफ्टवेअरने ते अल्पावधीत पुन्हा बावीसवर आणून ठेवले. 'प्लास्टिक' हा शब्द बिघाडाच्या कारणांच्या यादीत नसल्यामुळे अहवालात आला नाही. लाल ठिपका टळला. पुढच्या आठवड्यात कंपनीने सर्व गाडीमालकांना सूचना पाठवली की ज्येष्ठ प्रवाशांना पुढच्या फळीपासून किमान एक हात दूर बसवावे.

ताईंनी अहवालावर सदस्य म्हणून सही करताना 'गरम वाटते' खोडून हाताने 'गरम होते' असे लिहिले. ही त्यांच्या नोकरीतली पहिली खाडाखोड. तिच्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. त्यावर त्यांनी 'समज मिळाली असे वाटते' अशी पोच दिली.

नानांचा व्यायाम व्यवस्थित चालू आहे. सीटवरचे प्लास्टिक अजून आहे, नाना त्यावर टॉवेल टाकून बसतात. फळीवरच्या उघड्या जागेकडे बघून गाडीमालकांना अजून कसेसेच होते. सोललेला तुकडा त्यांनी इस्त्रीखाली सरळ करून, तारीख घालून, फाईलला लावून ठेवला आहे.

परवा जेवणानंतर नाना घरातल्या खुर्चीवर बसले होते. मानेवरून पंचा फिरवत म्हणाले, "उकडतंय रे." गाडीमालकांनी टेबलावरचा एसीचा रिमोट उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि समाधानाने म्हणाले, "चोवीसवर आहे, नाना."

इथे आपण हसलात. हसा. फक्त एवढे आठवून बघा, की आपल्या घरात मागच्या खेपेला कोणीतरी 'उकडतंय' म्हणाले, तेव्हा आपण त्यांच्या कपाळाकडे बघितले होते की रिमोटकडे? आणि रिमोटकडेच बघितले असेल, तर तो उजेडात तिरका का धरावा लागला होता? प्लास्टिकची पिशवी चुरगळली आहे त्याच्यावरची. आतला आकडा नीट दिसत नाही.